अनुक्रमांक चारशे बारा

गावाचं नाव लिहीत नाही. भिवंडीजवळ, राहनाळ आणि वळ या गावांच्या आसपास, गोदामांच्या पट्ट्यातलं एक गाव समजा. माझं नाव तुळशीराम लहांगे. मागच्या विधानसभेला मी आमच्या बूथवर पोलिंग एजंट होतो, आणि त्या दिवसभर मी घाबरलेला होतो.

माझी बायको चंद्रा त्याच्या चार महिने आधी गेली. कावीळ झाली आणि आठ दिवसांत सगळं संपलं.

पोलिंग एजंटचं काम फार नसतं. शाळेच्या खोलीत उमेदवारांची माणसं यादी घेऊन बाकावर बसतात. मतदार आला की पहिला अधिकारी त्याचा नंबर आणि नाव मोठ्याने वाचतो. माणूस तोच असेल तर आपण यादीवर रेघ मारायची. नसेल तर आक्षेप घ्यायचा. मी हे काम पाच निवडणुका केलं, दर वेळी एकाच लहान पक्षासाठी. आमचा उमेदवार कधीच निवडून आला नाही. चंद्रा म्हणायची, "तुझा माणूस पडतो तेच बरं हाय. निवडून आला असता तर तू घरीच आला न्हाय असतास." ती मला अरेतुरेच करायची. आमच्यात तसंच असतं.

आम्ही दोघांनी पहिलं मत दिलं ते पंच्याण्णवला. तेव्हा कागद होता. शिक्का मारायचा, घडी घालायची. चंद्राने इतकी बारीक घडी घातली की पेटीजवळचा शिपाई म्हणाला, बाई, पुडी बांधलीस का? त्या वेळी आमचं गाव आणि भिवंडी शहर एकाच मतदारसंघात होतं. शहरातल्या यंत्रमागवाल्यांच्या मोहल्ल्यांची मतमोजणी सुरू झाली की आमच्या पाड्यांना कोणी विचारायचं नाही. मग दोन हजार चारला मशीन आलं. दोन हजार नऊला हद्दी बदलल्या. शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, आम्ही ग्रामीणमध्ये गेलो आणि जागा आदिवासींसाठी राखीव झाली. चंद्राला फार आनंद झाला होता. आता आमदार आपल्यातला होणार म्हणाली.

त्याच वर्षी नव्या यादीतून राहीबाईचं नाव गळलं. राहीबाई म्हणजे चंद्राची मैत्रीण, ओढ्यापलीकडे राहते. दोघी मत द्यायला बरोबर जायच्या. तिने तीन वेळा फॉर्म भरला, नाव आलं नाही. नंतर तिने नाद सोडला.

चौदा साली माझ्या शेजारी रामनाथ एजंट म्हणून बसला होता. एक माणूस दुसऱ्याच्या नावावर मत द्यायला आला, रामनाथने आक्षेप घेतला. रामनाथला कोणी मारलं नाही, शिवीसुद्धा दिली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्याला एकाही गोदामात काम मिळालं नाही. त्याच्या मुलालाही नाही. पावसाळ्याच्या आत तो गाव सोडून वाडा तालुक्यात सासुरवाडीला गेला. मला असं काम तुटण्याची भीती बसली ती तेव्हापासून. मार खाल्लेला माणूस निदान दवाखान्यात जातो.

रामनाथचं काम तोडलं ते भरतने. भरत आमच्याच गावचा. गोदामांना माणसं पुरवतो आणि निवडणुकीत मतंही पुरवतो. माझी मुलगी भाग्यश्री त्याच्याच मार्फत एका गोदामात लागली आहे, खोक्यांवर स्कॅनर मारते. मला दम्यामुळे हमाली होत नाही. घर तिच्यावर चालतं.

चंद्रा गेल्यावर अंगणवाडीच्या सुकन्याबाई फॉर्म घेऊन आल्या होत्या. मतदार यादीचं काम त्यांच्याकडे आहे. म्हणाल्या, "तुळशीदादा, वहिनींचं नाव काढायला सही लागेल." मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात. यादीत माझ्या नावाखाली तिचं नाव होतं. चारशे अकरा मी, चारशे बारा ती. मला ते खोडवेना. सुकन्याबाई पुन्हा आल्या तेव्हा मी घरात असून कडी काढली नाही.

मग भरत आला, दुःखाला म्हणून. चहा प्यायला. जाता जाता म्हणाला, "काका, काकूचं नाव काढलं का यादीतून?"

"न्हाय अजून."

"राहू दे मग. काय घाई हाय? आणि काकूचं वोटिंग कार्ड द्या जरा. रेशनचं एक काम करून देतो."

मेलेल्या बाईच्या वोटिंग कार्डाचं रेशनला काय काम, हे मला कळत नव्हतं असं नाही. भाग्यश्री तिथेच कपबशा उचलत होती. भरतने तिला विचारलं, "काय गं, शिफ्ट बरी हाय ना? रात्रपाळी नको असंल तर सांग." मी उठलो आणि कार्ड आणून दिलं.

कार्ड कशाला दिलं हे मी मतदान होईपर्यंत भाग्यश्रीला बोललो नाही. कोणालाच बोललो नाही.

मतदानाच्या दिवशी पहाटे पाचला उठलो. बाकावर माझ्या शेजारी भरतच्या उमेदवाराचा एजंट होता, चिंतू. पोरगा तिशीचा, तोंडाने चालू.

"काका, औंदा किती मतं तुमच्या माणसाला? तीन का चार?"

"तुझ्या घरातली धरून पाच."

"मग घरी जाऊन बघायला लागंल कोण फुटलं ते." तो हसला. मीही हसलो. पेन यादीवर टेकवून धरलं होतं.

दर वेळी दारात बाई दिसली की मला वाटे, हीच चंद्राचं कार्ड घेऊन आली. ती बाई आपलाच नंबर सांगे, आपलंच नाव असे. मी रेघ मारत होतो. दहा वाजले. मला वाटू लागलं, बहुतेक भरत विसरला.

अकराच्या सुमाराला राहीबाई आत आली.

तिचं नाव यादीत नाही हे मला माहीत होतं. तरी मला क्षणभर बरं वाटलं, की हिचं नाव शेवटी आलं. मग तिने चिठ्ठी आणि कार्ड टेबलावर ठेवलं. पहिल्या अधिकाऱ्याने वाचलं, "चारशे बारा. चंद्रा तुळशीराम लहांगे."

चार महिन्यांत तिचं पूर्ण नाव मी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी बाकावरून अर्धा उठलो. खोलीतल्या कोणाला काही वाटलं नाही. कार्डावरचा फोटो जुना, काळा पडलेला. त्यात चंद्रा मलाही ओळखू येत नसे.

"नवऱ्याचं नाव?" अधिकाऱ्याने सवयीने विचारलं.

राहीबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. "तुळशीराम," म्हणाली.

याच बाईने चंद्राला शेवटची आंघोळ घातली होती. चिंतूने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. हळूच म्हणाला, "काका, मारा रेघ."

मी पेन उचललं. मला भाग्यश्री दिसत होती, गोदामाच्या गेटबाहेर उभी. मला रामनाथचं कुलूप लावलेलं घर दिसत होतं. दुसरा अधिकारी राहीबाईचं बोट धरून शाईची काडी बुडवत होता. रेघ मारायला एवढासा वेळ लागला असता. मी ती मारणारच होतो. पण ती रेघ म्हणजे चंद्रा आज इथे आली, तिने मत दिलं, असं झालं असतं आणि त्याचा साक्षीदार मी.

"थांबा," मी म्हणालो. कोणी ऐकलं नाही. पुन्हा म्हणालो, "थांबा साहेब. आक्षेप हाय."

केंद्राध्यक्ष उठून आले. बाहेरगावचे मास्तर, सकाळपासून उपाशी. "काय आक्षेप?"

"चंद्रा माझी बायको. ती वारली."

राहीबाईने बोट मागे घेतलं. शाई लागली नव्हती.

"मग कार्ड या बाईंकडे कसं?" केंद्राध्यक्षांनी विचारलं.

चिंतू माझ्याकडे बघत होता. भरतचं नाव माझ्या तोंडात आलं होतं. ते मी घेतलं नाही. पुढे कोणी विचारलं तर हेच सांगेन, की मला भीती वाटली.

"माझ्या घरातून गेलं," मी म्हणालो. "चूक माझी हाय. या बाईंना वाचता येत न्हाय. त्यांना चिठ्ठी कोणीतरी चुकीची दिली."

"बाई, असंच आहे का?"

राहीबाईने होकाराची मान डोलावली.

केंद्राध्यक्षांनी कार्ड उलटून पाहिलं. बाहेर रांग शाळेच्या फाटकापर्यंत गेली होती, आणि पोलीस बोलावला असता तर एक तास गेला असता. त्यांनी राहीबाईला घरी जायला सांगितलं. मला कागद दिला. "मयत असल्याचं लिहून द्या. खाली सही." मी लिहिलं. सुकन्याबाईंना जे दोनदा टाळलं ते तिथे, चिंतूच्या शेजारी बसून लिहिलं. तारीख आठवायला वेळ लागला नाही.

सहा वाजता बाहेर पडलो तर फाटकापाशी राहीबाई उभी होती. बरोबर चालू लागली. चार पावलांवर एकदम सुरू झाली. "पंधरा वर्सं झाली दादा. पंधरा वर्सं मला कोणी बटण दाबाया दिलं न्हाय. भरत म्हणाला चंद्राच्या नावावर दाब, मी म्हटलं चंद्रा कुठं मला न्हाय म्हणणार हाय. तिने सोताच दिलं असतं."

"दिलं असतं," मी म्हणालो.

"मंग तू कशाला आडवा आलास?"

ओढ्याच्या वळणावर भरत गाडी लावून उभा होता. त्याने राहीबाईकडे पाहिलंही नाही. "काका, दमलेले दिसता. घरी जाऊन पडा." मग गाडीत बसता बसता, "भाग्यश्रीची सकाळची शिफ्ट ना उद्या?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

त्या रात्री भाग्यश्रीला सांगायला तीन वेळा तोंड उघडलं. सांगितलं नाही. वाटलं, कदाचित काही होणार नाही. तिला उगाच कशाला घाबरवा?

सकाळी मी तिच्या मागोमाग रस्त्यापर्यंत गेलो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कुठं?" मी म्हणालो, असंच, पाय मोकळे करायला. गेटवर बायकांची रांग होती. एकेक जण कार्ड दाखवून आत जात होती. भाग्यश्रीचं कार्ड वॉचमनने पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि तिला बाजूला उभं केलं. मागच्या बायका आत गेल्या. शटर वर गेलं. आठ वाजले. मधे दोन कंटेनर आत गेले, त्यांच्यासाठी तिला आणखी मागे सरकायला लावलं.

मग ती रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. "वॉचमन म्हणतो, तुझ्या बापाला इचार. काय केलंत तुम्ही?"

मी सगळं सांगितलं. कार्ड दिल्यापासून. गाड्यांच्या आवाजात मला दोनदा मोठ्याने सांगावं लागलं.

ती गेटकडे बघत ऐकत होती. रडेल असं वाटलं, रडली नाही. चिडलीही नाही, निदान तेव्हा तरी.

"रात्री का न्हाय सांगितलं?" ती म्हणाली. "मी डबा बनवला नसता." आणि डब्याची पिशवी माझ्या हातात देऊन पुन्हा गेटपाशी जाऊन उभी राहिली.