चार बंदुका आणि साहेबांचा रुमाल

आर्णीपलीकडच्या आमच्या पोलीस चौकीत १९६१ साली चार बंदुका होत्या आणि त्या सांभाळायला धरमसिंग शिपाई होता. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्याने त्यातली एकही बंदूक माणसावर झाडली नव्हती. पण वेळ आली असती तर त्या झडल्या असत्या, याची त्याला खात्री होती. रोज गजाला चिंधी गुंडाळून नळी पुसायची आणि आतून तेलाचा पातळ हात फिरवायचा. दोन महिन्यांनी पेन्शन होती. तोवर नोकरीच्या पुस्तकात शेरा पडू नये, एवढंच त्याचं मागणं.

जुलैत जिल्ह्याहून निरोप आला: उद्या तपासणी.

तपासणीची रीत अशी, की साहेब आपला पांढरा रुमाल नळीतून ओढतात. डाग पडला की शेरा. डाग तेलाचाही पडतो, म्हणून आदल्या दिवशी तेल पार पुसून काढायचं आणि साहेब गेले की पुन्हा लावायचं. धरमसिंगने पुसलं. दुसऱ्या दिवशी अरुणावतीला पूर आला, जीप अडकली. निरोप आला: उद्या.

हा उद्या एकोणीस दिवस चालला.

"जमादारसाहेब, तेल लावू द्या ना. हवा पाह्यली का? डब्यातलं मीठ पाणी सोडून राह्यलं."

"अन् साहेब आत्ता टपकले तं?" जमादार पुंडलिकराव म्हणाले. "रुमालाले डाग लागला तं काय सांगू? धरमसिंगले बंदुकीची दया आली म्हणून?"

"गंजून जाईन ना जी!"

"गंजू दे. हुकूम कोरड्या नळीचा हाय. तुले बंदूक पाह्यजे का पेन्शन?"

धरमसिंगला पेन्शनच हवी होती. तरी नवव्या दिवशी, जमादार जेवायला गेल्यावर, त्याने एक बंदूक घासून तिला तेल दिलंच. दुसरीला हात घालणार, तोच जमादार ढेकर देत परतले.

विसाव्या दिवशी साहेब आले. एकेका बंदुकीला त्यांनी रुमालाचं एकेक टोक दिलं. तीन टोकं विटकरी निघाली.

"हयगय," साहेब म्हणाले.

चौथं तेलकट निघालं.

"हुकूमभंग."

"साहेब, तेवढीच चालते. चालवून पाहा."

"मी चालवायला आलोय का?"

चारही बंदुका चौकशीसाठी पेटीत बंद झाल्या, वर लाखेचं सील बसलं. कोणी हात लावायचा नाही. पेन्शनचे कागद चौकशीनंतर. तारीख उद्या कळवतो, असं सांगून साहेब जीपमध्ये बसले.

सप्टेंबरात धरमसिंगने पट्टा जमा केला. पेन्शन नाही, पण सवय आहे. म्हणून सकाळी चौकीत येतो आणि पेटीसमोर बसतो.

"चौथीचं तेलबी सुकलं असन आता," एकदा तो म्हणाला. "तेही गेली."

"बरंच झालं," पुंडलिकराव म्हणाले. "चारीले मिळून हयगयीचं एकच कलम लागन."