ह्यांच्या वहीतल्या रेघा

माझ्या थोरल्याला कुणाला काही विचारायचं म्हणजे जिवावर येतं. आमटीत मीठ पडलंय का, एवढंही विचारणार नाही. चाखणार, तोंड वाकडं करणार आणि आपल्या हातानं चमचा उपडा करणार. आजवर आमटीच खारट झाली, आम्ही गिळली. या खेपेला त्यानं बापाचं एकतीस वर्षांचं काम नासवलं.

हे पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरीला होते. पण जीव तळ्यात. दर रविवारी सकाळी गळ्यात दुर्बीण, काखेत वही, आणि संशोधन केंद्रासाठी रानबदकांची मोजणी. लोक ह्यांना बदकराव म्हणायचे, मला बदकीण. मी चालते तशीच, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. हे चौथीपर्यंत शिकलेले, मी दुसरीपर्यंत. वहीची शिस्त मात्र कडक. बदकं दिसली की आकडा. जाऊन बसले आणि एकही दिसलं नाही, तर पूज्य. गेलेच नाहीत, तर आडवी रेघ.

"न बघता पूज्य मांडणं म्हणजे बदकांवर आळ घेणं," असं म्हणायचे.

थोरला त्याच केंद्रात संगणकावर बसतो. हे गेले, त्यानंतर चार महिने खपून त्यानं एकतीस वह्या संगणकात उतरवल्या. डोळे लाल करून घेतले, ते मी नाकारत नाही. पण रेघ दिसली की तिथं पूज्य मांडलं. ओळी सरळ दिसतात म्हणे! मग भिंती रंगवायला काढल्या, तेव्हा वह्या रद्दीत.

"सगळं आत आहे, आई," असं म्हणून पडद्यावर बोट आपटलं. पुढं ते सगळ्या जगाला खुलं केलं, कुणीही उतरवून घ्यावं. मीही ऊर भरून चार घरी सांगून आले.

गेल्या आठवड्यात एक संशोधक बाई दारात आल्या. पोरगीच होती, पण बोलणं जपून.

"आजी, तुमच्या तळ्याचं जपायच्या यादीतून नाव निघतंय. शेवटच्या सात-आठ वर्षांत बदकं जवळजवळ नाहीतच, असं आकडे म्हणतात. मी स्वतः परवा दीडशे मोजली. म्हणून आले."

शेवटची सात-आठ वर्षं! तेव्हा ह्यांचे गुडघे गेले होते, मग छाती. महिन्यातून एकदा कसेबसे जायचे. म्हातारे हे झाले आणि संगणकानं बदकं संपवली.

"अगं, त्या रेघा होत्या!" मी म्हटलं.

बाईंनी थोरल्याकडं पाहिलं. थोरल्यानं चहाच्या कपाकडं.

"वह्या आहेत ना?"

"होत्या," मी म्हटलं.

"मग सगळी पूज्यं पुसून टाका की!" मीच पुढं म्हटलं.

"काही खरीही असतील ना, आजी. दुष्काळातली. खरी कुठली, खोटी कुठली, ते कसं ओळखू?"

"ते आकडेच मागं घ्या मग."

"चार देशांत उतरवून घेतलेत. इथं दुरुस्त केलं तरी तिथं तेच राहणार."

त्यांनी कागद छापून दिले. चारशे त्रेचाळीस पूज्यं. तीन दुपारी मी चष्मा लावून, पेन्सिल घेऊन बसले. धाकटीचं लग्न, तो रविवार: रेघ. सासूबाई गेल्या: रेघ. थोरल्याला गोवर निघाला, हे त्याच्या उशाशी बसून होते, दोन रविवार: रेघ, रेघ. आमच्या संसारात जे जे घडलं, ते त्या वह्यांत न लिहिता लिहिलेलं होतं. एकोणीस सापडली. पुढं डोकं चालेना. ताप कुठल्या साली आला, छत कधी गळलं, कोण सांगणार? ज्यांना विचारायचं, ते भिंतीवर फोटोत.

बाईंनी एकोणीस लिहून घेतली, आभार मानले. "यादी महिनाअखेरीस ठरते," म्हणाल्या. "एकोणिसावर भागणार नाही, आजी." त्यांच्या हातात तरी काय होतं?

त्या गेल्यावर थोरला उंबऱ्यातच उभा राहिला. चाळिशीचा बाप्या, केसांत चांदी.

"आई, रिकाम्या जागी काहीतरी भरावं लागतं ग. आणि मला खरंच माहीत नव्हतं, रेघ म्हणजे काय ते."

"मी कुठं होते तेव्हा?"

"स्वयंपाकघरात."

"किती पावलं?"

मी कागदांची चळत नीट केली, पेन्सिल वर ठेवली.

"तुझ्या बापाला माहीत नसलं की तो रेघ ओढायचा. तुला माहीत नव्हतं, तर तू पूज्य मांडलंस. शिकलेला तो होता, बाळा. तू नुसता शाळेत गेलास."