पटावरचं दहावं नाव

मोठ्या बाई दुकानात आल्या तेव्हा त्यांच्या हातात ना किल्ली होती ना कुलूप, म्हणून मी कानस खाली ठेवली. माझ्याकडे रिकाम्या हातानं कोणी येत नाही. किल्ली हरवली म्हणून येतात, भाडेकरू बदलला म्हणून येतात, नवऱ्याला घराबाहेर काढलं म्हणून येतात. काम झालं की जातात. 'कशा आहात?' असं कोणी विचारलं, तर ते भाव पाडून मागायच्या आधी तोंड गोड करायला.

"तुझं शाळेचं शेवटचं वर्ष अर्धवट राहिलं होतं ना गं?" बाईंनी विचारलं.

मोठ्या बाई आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. मी वर्गात होते तेव्हा त्या नव्यानं लागल्या होत्या आणि मुलांना घाबरायच्या. वडिलांची नजर गेली म्हणून मी शाळा सोडली. किल्लीवाल्याला दिसेनासं झालं की दुकान कोणीतरी चालवायला लागतं, आणि आमच्या घरात 'कोणीतरी' म्हणजे नेहमी मीच. पुढे वडीलही गेले. दुकान उरलं, मागची खोली उरली आणि मी उरले.

"राहिलं होतं. का, आता दंड भरायचाय?"

"यंदा पूर्ण कर."

बाईंचं वय झालं, असं मला वाटलं. पण त्या स्टुलावर बसल्या आणि सगळं नीट सांगायला लागल्या. राजधानीतल्या मोठ्या कॉलेजात पूर्वी नुसते मार्क बघायचे. त्यामुळे आमच्या गावातून जायची ती नदीपलीकडच्या मोठ्या शाळेची मुलं. तिथे प्रयोगशाळा आहे, शिकवण्या आहेत, एकेका विषयाला दोन-दोन शिक्षक आहेत. आमच्याकडे भौतिकशास्त्र आणि खो-खो एकच सर शिकवतात, आणि खो-खो बरा शिकवतात. हे असं सगळीकडेच होतं म्हणून बरीच ओरड झाली. मग कॉलेजनं नवा नियम केला. शाळा कुठलीही असो, तिच्या शेवटच्या वर्गातला पहिला दहावा हिस्सा आत घ्यायचा. चाळीस मुलं असली तर पहिली चार, वीस असली तर पहिली दोन.

"मग चांगलंच झालं की," मी म्हटलं.

"आपल्या वर्गात नऊ आहेत."

मी हिशोबात कच्ची, तरी नऊचा दहावा हिस्सा काढल्यावर एक अख्खी मुलगी होत नाही एवढं मला कळलं. बाईंनी कॉलेजला कळवून पाहिलं होतं. अपूर्णांक सोडून देतात, नियम सगळ्यांना सारखा, असं उत्तर आलं होतं. ज्यांना झेपलं त्यांनी आपली मुलं उचलून नदीपलीकडे नेली, म्हणून इथे नऊ उरली. आणि नऊच उरली म्हणून त्यांच्यातल्या पहिलीला दार बंद! बाई हे शांतपणे सांगत होत्या आणि माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली.

"पहिली कोण?"

"अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरची मुलगी."

ती मला माहीत होती. आई नाही, बाप सदा ड्यूटीवर. घराची किल्ली आत विसरून दोनदा माझ्याकडे आली होती, आणि दोन्ही वेळा तोंडातून शब्द नाही. मी कुलूप उघडेपर्यंत भिंतीला टेकून उभी. मी तिला मनातल्या मनात मौनीबाबा म्हणायचे. पुढे नुसतं मौनी.

"पटावर दहावं नाव पाहिजे," बाई म्हणाल्या. "नुसतं नाव नाही. सगळे पेपर द्यावे लागतील. एक जरी चुकला तरी ते नाव धरत नाहीत. ज्यांचं शेवटचं वर्ष अर्धवट राहिलंय त्यांना शाळा परत घेऊ शकते, ते मी बघून घेतलंय. चार जणांना विचारून झालं."

"म्हणजे मी पाचवी."

"पाचवी," बाई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना तेव्हाही जमायचं नाही.

"आणि मीच पहिली आले तर?"

बाई हसल्या. जरा जास्तच हसल्या. मी हो म्हणाले. न्यायासाठी म्हणाले, असं पुढे गावात सांगत सुटले. पण खरं म्हणजे कुलूप सोडून दुसऱ्या कशासाठी तरी कोणीतरी माझ्याकडे आलं होतं, आणि मला त्यांना परत पाठवायचं नव्हतं.

शाळा सकाळची. दुकानावर 'दुपारी उघडेल' अशी पाटी लावली. पहिल्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं तर सगळी मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, नवीन बाई आल्या. मी मागे जाऊन बसले तेव्हा जी खसखस पिकली ती आठवडाभर काही थांबली नाही. बाक दोघांचे. नऊजणांत एक कायम एकटं बसणार, आणि ती मौनी. मी तिच्या शेजारी बसले. तिनं दप्तर उचलून मांडीवर घेतलं आणि फळ्याकडे बघत राहिली.

तीन दिवस ती काही बोलली नाही. चौथ्या दिवशी मी गणितात इतकी रडकुंडीला आले की माझी वही तिनं स्वतःकडे ओढली.

"मावशी, इथे चिन्ह बदलतं."

"मावशी कोणाला म्हणतेस? वर्गमैत्रीण आहे मी तुझी."

ती हसली नाही, पण त्या दिवसापासून ताई म्हणायला लागली. आणि संध्याकाळी दुकानात आली. घरी कोणी नसतं, इथे दिवा तरी असतो, असं म्हणाली. स्टूल ओढून पुस्तक उघडून बसली. मी किल्ल्या घासत होते.

"आवाजाचा त्रास होत नाही?"

"घरी आवाजच नसतो, त्याचा होतो," ती म्हणाली.

मग रोजच यायला लागली. मी स्वयंपाक दोघींचा करायला लागले. एकटीचा करताना मी उभ्याउभ्याच जेवायचे, आता खाली दोन ताटं मांडायला लागले. जेवताना ती बोलायची. थोडंच, पण मुद्द्याचं. एकदा घास हातात धरून म्हणाली, "ताई, ही लबाडी नाही ना?"

"कसली लबाडी?"

"तुम्हाला माझ्यासाठी बसवलंय. माझ्याखाली कोणीतरी पाहिजे म्हणून."

मला झोंबलं. "मी फी भरली. गृहपाठ करते. सरांच्या शिव्या खाते. यात खोटं काय आहे?"

"पण तुम्ही नसता तर मी तेवढीच हुशार असते ना?"

"असतीस की."

"मग तुम्ही आल्यावर माझ्यात काय बदललं?"

याचं उत्तर कॉलेजकडेही नसावं. नदीपलीकडच्या मुलाला त्याच्या शेजारच्या बाकावर कोण बसलंय याची फिकीर करावी लागत नाही, तुला करावी लागते, एवढंच मी म्हटलं, आणि तिला वाढलं.

परीक्षा जवळ आली तेव्हा एकदा तिचे वडील दुकानात आले. अंगावर ड्यूटीचे कपडे, डोळे तारवटलेले.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू? पोरगी घरात बोलायला लागली हो."

"उपकार कसले? मलाही सोबत होते."

"ती गेली ना, की मी कायमची रात्रपाळी मागून घेणार आहे," ते म्हणाले. "दिवसा कशीतरी झोप लागते. रिकाम्या घरात रात्र काढायची म्हणजे..." कुलपांच्या रांगेकडे बघून ते निघून गेले.

ती गेली की! हे मला माहीत नव्हतं असं नाही. तिनं जावं म्हणूनच तर मी त्या बाकावर बसले होते. पण त्यांच्या तोंडून ते ऐकलं आणि माझी नजर मागच्या खोलीतल्या ताटांकडे गेली. ती गेल्यावर ते दुसरं ताट कोणापुढे मांडायचं? ही मुलगी माझी कोणी लागत नव्हती. तरी संध्याकाळ झाली की तिची पावलं ओळखायला माझे कान टवकारलेले असायचे. त्या दिवशी ती आली तेव्हा मी उगाच तिच्यावर खेकसले, पसारा केलास म्हणून. पसारा माझाच होता.

आणि मग तो विचार आला. आला म्हणजे काय, येऊन ठाण मांडून बसला. एक पेपर चुकला तरी नाव धरत नाहीत. मी फक्त एकदा आजारी पडायचं. कोणी मला बोल लावणार नाही. चाळिशीची बाई, डोकं दुखलं, चक्कर आली. मौनी इथल्याच कॉलेजात जाईल, संध्याकाळी स्टूल ओढून बसेल. तिचं वाईट होईल का? फार नाही, असं मी स्वतःला समजावत होते. इथेही लोक शिकतातच की. मी स्वतःला इतकं समजावलं की थोडं पटायलाही लागलं. असले विचार मी करू शकते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. स्वतःचीच शिसारी आली, पण विचार काही हलला नाही.

तरी एकेक पेपर देत गेले. गणिताच्या पेपरात पानं कोरी ठेवून आले. शेवटी एकच पेपर उरला, इतिहासाचा. त्या सकाळी मी आवरून बसले होते, पण पाय उचलत नव्हता. वाटलं, आणखी थोडा वेळ इथेच बसू. मग धावत गेले तरी आत घेणार नाहीत.

तेवढ्यात शटरवर थापा पडल्या. गल्लीतला शिंपी बाहेर उभा, पायजम्यावर, हातात दुधाची पिशवी.

"अहो किल्लीवाल्या बाई, दार आपटलं वाऱ्यानं! किल्ली आत. बायको माहेरी. चला लवकर."

देवानंच पाठवला, असं वाटलं मला. याहून चांगलं कारण शोधून सापडलं नसतं. माणूस घराबाहेर अडकलाय, मी किल्लीवाली, मी जायलाच हवं. उद्या बाईंच्या, मौनीच्या, तिच्या वडिलांच्या तोंडावर सांगता येईल. मी अवजारांची पिशवी उचलली, त्याच्या मागे निघाले. कोपऱ्यापर्यंत गेले.

"आत काही जळत वगैरे नाही ना?" मी विचारलं.

"छे हो. चहासुद्धा ठेवला नव्हता अजून."

मी थांबले. मौनी त्या वेळी बाकावर बसली असेल आणि शेजारची जागा रिकामी असेल, हे मला समोर दिसायला लागलं. कॉलेज वगैरे मला काही सुचलं नाही. नुसती ती रिकामी जागा दिसली.

"तुम्ही दुकानात जाऊन बसा," मी पिशवी त्याच्या हातात कोंबली. "मला पेपर आहे."

"कसला पेपर?"

"इतिहासाचा!"

तो दुधाची पिशवी आणि माझी अवजारं घेऊन रस्त्यात उभा राहिला आणि मी या वयात रस्त्यानं पळत सुटले. वर्गात पोचले तेव्हा पर्यवेक्षक दार लावत होते. मौनीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून लिहायला लागली. दम लागल्यामुळे पहिला प्रश्न मला वाचताच येईना.

निकाल लागला. मौनी पहिली, मी शेवटची. गणितात नापास. दहाच्या वर्गातून एक नाव कॉलेजला गेलं आणि तिकडून होकार आला. मोठ्या बाई दुकानात येऊन रडल्या. आमच्या शाळेतून तिथे जाणारी ही पहिलीच. शिंपीदादा गल्लीभर सांगत फिरले की मुलीच्या यशात त्यांचाही वाटा आहे, ते पेपर संपेपर्यंत उपाशी बसले होते.

जायच्या आदल्या संध्याकाळी मौनी आली. पुस्तक आणलं नव्हतं. स्टुलावर बसून राहिली. मी किल्ली घासत होते ती घासत राहिले, नाहीतर हात कुठे ठेवावेत हे मला कळलं नसतं.

"ताई, इतिहासाच्या पेपराला तुम्ही येणार नाही असं मला वाटलं होतं."

माझा हात थांबला. "का गं?"

"मी तुमच्या जागी असते तर आले नसते."

म्हणजे हिला माझ्या मनातलं सगळं माहीत होतं. मी समजत होते की आत दडवून ठेवलंय, आणि ही शेजारी बसून ते वाचत होती. मला राग आला, लाजही वाटली, आणि मग काय वाटलं ते सांगता येत नाही.

"एवढं माहीत होतं, तर मला पकडून का नाही नेलंस? सकाळी दारात येऊन उभी का नाही राहिलीस?"

"आले होते कोपऱ्यापर्यंत," ती म्हणाली. "परत गेले. तुम्ही नसता आलात, तर मी इथेच राहिले असते ना."

तिचे डोळे भरले होते. माझे कधीचेच वाहत होते.

"तिथे माझ्या शेजारी कोण बसेल?" तिनं विचारलं.

"बसेल की कोणीतरी," मी म्हटलं. "नाही बसलं, तर तू उठून जा आणि कोणाच्या तरी शेजारी बस. वाट बघत राहू नकोस."

तिनं मान हलवली. मग ती निघाली, आणि मी शटर अर्धं ओढून घेतलं, तिनं वळून पाहिलं तर मी दिसू नये म्हणून.