पाषाणकुळीची उणीव

रविवारी दुपारी ताईच्या जेवणाच्या टेबलावर आमचा खेळ मांडला जातो. नकाशा, फासे आणि कथा सांगणारा मी. बाकीचे एकेक पात्र होऊन त्या कथेत शिरतात. "घोडे झालात, आता तरी पुरे करा," असं ताई दर आठवड्याला म्हणते आणि चहाही तीच टाकते.

भावोजी शिलाईच्या कारखान्यात कापड बेतायचे. हात असा की खडूची रेघ एकदाच ओढायची. मग तोच हात आपोआप उडायला लागला, नंतर मान, नंतर पाय. त्यांच्या आईचंही तेच झालं होतं, पण तेव्हा लोक म्हणायचे, बाई वेडसर आहे. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं आणि सांगितलं, मुलांना येण्याची शक्यता निम्मी. रक्त तपासलं की कळतं. माझी भाची बारकी एकुलती एक, कॉलेजात जाणारी. तिने तपासून घ्यायचं की नाही यावरून त्या घरात कित्येक महिने कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. ताईचं एकच पालुपद, कळून करायचंय काय?

त्या रविवारी ती पहिल्यांदाच खेळायला बसली. मला आभाळ ठेंगणं झालं.

"आधी कुळी निवड," मी म्हणालो. "जलकुळीला पाण्याखाली श्वास घेता येतो. पक्षिकुळीची नजर लांबची. साधा माणूसही होता येतं, पण मग जन्मजात काही मिळत नाही."

"आणि ही पाषाणकुळी?"

"झकास. आगीने भाजत नाही, वार बसत नाही."

"मग सगळे तीच का नाही घेत?"

"उणीव आहे ना तिच्यात. वय वाढलं की अंग दगडासारखं आखडत जातं. आईबापांपैकी एक जण त्या कुळीचा असला की फासा टाकायचा. सम पडला तर उणीव तुझ्यात आली, विषम पडला तर सुटलीस."

हा नियम पुस्तकातला नाही, माझ्या सुपीक डोक्यातला. भावोजी ठणठणीत होते तेव्हा केलेला आणि कौतुकाने मिरवलेला. शेजारी बसलेला आमचा दोस्त वायरमन टेबलाखालून माझा पाय तुडवत होता, ते बोलून झाल्यावर लक्षात आलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"नव्या माणसाला सूट असते," मी घाईने म्हणालो. "तू नको टाकूस."

"मलाही दिली होती सूट," वायरमन म्हणाला. धादांत खोटं.

बारकीने आम्हा दोघांकडे पाहिलं. "घरात सगळे मला सूटच देतायत, मामा. साधी भांडी घासायला सांगत नाही कोणी. मला पाषाणकुळीच हवी. बाप त्या कुळीचा."

तिने फासा उचलला आणि टेबलाच्या टोकाला बसलेल्या भावोजींसमोर ठेवला. "बाबा, तुम्ही टाका."

ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. भावोजींचा हात फाशाकडे गेला, वाटेतच उडाला आणि त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला. हल्ली त्यांना बोलायलाही वेळ लागतो. आम्ही थांबलो.

"तुझा फासा मी टाकून बसलोय," ते म्हणाले. "तू जन्मलीस तेव्हाच. मला माहीत नव्हतं गं."

"माहीत असतं तर?"

"नसता टाकला."

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. बारकी रडेल असं वाटलं. ती रडली नाही. तिने मांडीखालचा तो हात सोडवून घेतला आणि उडत होता तसाच आपल्या हातात धरला.

"मग बरं झालं माहीत नव्हतं ते," ती म्हणाली. "पण आता पडलाय तो, तर मला बघायचाय. आई, मी उद्या रक्त द्यायला जाणार आहे."

ताई कोरडे झालेले हात पदराला पुसतच राहिली. मग तिने विचारलं,

"उपाशीपोटी जायचं असतं का गं?"