परातीतलं लाल पाणी

दिग्गी गावात परशू भगताच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे पाण्यानं भरलेल्या परातीवर होते. केशरच्या नऊ वर्षांच्या लेकीनं, नेत्रानं, परातीत हात बुडवले आणि पाणी लालभडक झालं. बायाबापड्यांनी हात जोडले.

नेत्रा दिवसातून पन्नासदा हात धुवायची. "न्हाई धुतलं तर आई मरंल," म्हणत रडत रडत ओढ्यावर पळायची.

"ओढ्यावरची बाई हाय ही. पोरीचं रगत पितीया," भगत घुमत म्हणाला. "कोंबडी, मासा, अंडं, पालेभाजी बंद. सव्वा महिना नुसती पेज द्या. उपासानं बाई कंटाळून जाईल."

बाई काही कंटाळली नाही. भगत दर अमावास्येला कोंबडी मात्र मागून घ्यायचा. पोरीला वर्ज्य असलेली कोंबडी त्याला बरी पचायची. केशरनं जीव घट्ट करून पथ्य पाळलं, आणि एक दिवस नेत्रा शाळेत चक्कर येऊन पडली.

तपासणीला आलेल्या डॉक्टर सुनयनांनी तिची पापणी उलटून पाहिली. ती पांढरी होती.

"रक्त फार कमी झालंय. हात पिवळे कशानं?" त्यांनी धावत आलेल्या केशरला विचारलं.

"धुऊन धुऊन भेगा पडत्यात, अक्का. रोज हळद लावते मी."

केशरनं परातीची हकीकत सांगितली. सुनयनांनी तिच्याच पानाच्या चंचीतला चुना पाण्यात कालवला, वरचं स्वच्छ पाणी, म्हणजे निवळी, ओतून घेतली आणि हळदीची चिमूट टाकली. पाणी लाल झालं.

"चुन्यानं हळद लाल होते, केशरबाई. परातीतली निवळी भगताची. हातावरची हळद तुमची."

केशरनं नेत्राचे पिवळे हात उलटेसुलटे करून पाहिले.

"पुन्हा पुन्हा हात धुणं हा मनाचा आजार आहे. त्याला औषध आहे, बोलून करायचे उपचार आहेत. पेजेनं तो गेला नाही, पोर तेवढी अशक्त झाली."

"म्हंजे माज्यात बाई न्हाई?" नेत्रानं विचारलं.

"नाही गं."

"मग मीच वाईट हाय?"

केशरला रडू आवरेना. तिनं लेकीला पोटाशी धरलं.

पुढच्या अमावास्येला परातीपुढं शेजारच्या शांताचा पोरगा उभा होता, हाताला हळद लावलेला. केशर गर्दीतून पुढं गेली, तिनं हळदीनं माखलेले आपले हात परातीत बुडवले आणि लाल झालेले वर धरले.

"माज्या अंगात कोण हाय, भगत? सांग की."

भगत परात उचलायला वाकला.

"शांता, पाण्यात काय घातलंय ते आदी इचार, आन् पोराला दवाखान्यात ने," केशर म्हणाली. "मी इचारलं न्हाई. सव्वा महिना माज्या हातानं पोरीला उपाशी ठिवलं."