पहिला फोन

साताऱ्यात निवृत्त हवालदार नाथाजींच्या घरी सकाळीच आयाबाया जमल्या, आणि जिच्यासाठी जमल्या ती त्यांची बायको शालूबाई मात्र खुशाल भाकऱ्या थापत होती. तिचा धाकटा भाऊ आप्पासो गेल्याची बातमी मोबाईलवर आली होती. सांगलीकडच्या कुठल्याशा बातम्यांच्या चॅनेलने त्याच्या फोटोला हार घालून, खाली दोन पणत्या लावून ती सोडून दिली होती.

"अगं, चॅनेलवाल्यानं टाकलीया. हजारो लोकांनी बघितलीया," नाथाजी म्हणाले.

"हजारांनी बघितली, पर मला कुणी सांगितली? आवं, आमच्यात भनीला कळवल्याबिगर भावाची माती करत न्हाईत. पयला फोन मला येनार. आला न्हाई, म्हंजी आप्पा हाय."

शेजारणी एकमेकींकडे बघू लागल्या. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, हे एकीने डोळ्यांनीच सांगून टाकलं. फोन लावून खात्री करावी, तर मयताच्या घरी 'खरंच गेले का हो?' असं विचारायला कुणाची जीभ रेटते? म्हणून आपल्याकडे असली बातमी कुणी तपासत नाही. जो तो ती पुढे ढकलतो आणि चप्पल घालतो.

शालूबाईनेही चप्पल घातली. तोंडाने ती ठाम होती, पण नाथाजींबरोबर एसटीत बसली तसं तिला मागचं आठवायला लागलं. आप्पासोच्या मुलीच्या, भाची पूजाच्या लग्नात आहेराच्या वेळी माईकवर आपलं नाव घेतलं नाही, म्हणून ती भर मांडवातून उठून आली होती. तेव्हापासून बहीणभावांत अबोला, भाऊबीजसुद्धा नाही. आता बातमी खरी निघाली, तर भाऊ गेलाच, वर जाताना आपल्याला परकी करून गेला. ह्या विचाराने तिचा जीव तुटत होता.

तासगावजवळच्या माहेरी पोचली, तर दारात चपलांचा हा ढीग! पण आतून रडणं नव्हे, कपबशांचा आवाज येत होता. घराच्या पुढच्या सोप्यात आप्पासो कॉटवर बसून येईल त्याला हात जोडत होता. छातीत कळ आली म्हणून तो दोन रात्री दवाखान्यात काढून आला होता. तेवढ्यात चॅनेलवाल्याने सगळ्यांच्या आधी त्याला वर पाठवलं होतं. मातीला आलेली माणसं त्याच्याच घरचा चहा पीत होती.

"आक्का, तू बी मातीला आलीस व्हय?"

"मातीला न्हवं, बघाय आली. मला फोन न्हाई, मग तू मरशील कसा?"

सगळे हसले. आप्पासो मात्र हसला नाही. "सकाळधरनं तुझा नंबर काढून बसलोय. पर तू बोलत न्हाईस. काय म्हनून लावू?"

"मेल्याचा पयला फोन मलाच येनार, ह्याची खात्री हाय," शालूबाई म्हणाली. "पर जित्तेपनीचा कवा येनार रं?"

आप्पासोने मोबाईल उचलला. मग नंबर दाबला. शालूबाईच्या पिशवीत घंटी वाजली. चार हातांवर बसलेल्या भावाकडे बघत तिने पदराने डोळे पुसले आणि फोन कानाला लावला.

"बोल आप्पा," ती म्हणाली. "ऐकतीया मी."