रॅकमागची जागा

“माझ्या चपलेवर कोण उभंय? जीव वाचवायला निघाले अन् चप्पल गेली,” स्वप्नाली माझ्या कानाशी कुरकुरली.

दुसऱ्या मजल्यावरून आम्ही चाळीसजणी जिन्याने उतरत होतो आणि स्टॉपवॉच माझ्या हातात होतं. चाकणच्या आमच्या वायरिंगच्या कंपनीत गुरुवारी अग्निसुरक्षेचं ऑडिट, त्याची ही रंगीत तालीम. अंधार व्हावा म्हणून खिडक्यांना पुठ्ठे ठोकलेले, मेन स्विच बंद, आणि वळणावळणावर सेफ्टीच्या ओजससरांनी बसवलेले इमर्जन्सी लाइट. लागले छान. आग लागली असं समजून दोन मिनिटांत गेटपाशी पोचायचं होतं. एकोणचाळीसजणी पोचल्या.

मंजुळाबाई चौथ्या मिनिटाला आल्या. भिंत चाचपत, कपाळाला टेंगूळ घेऊन.

“आमच्या कोपऱ्यात उजेडच येत न्हाई, सायेब. रॅकवर आदळले.”

मंजुळाबाई मोशीच्या. बावीस वर्षं इथे आहेत; आता गुडघे गेलेत, म्हणून शेवटच्या रॅकमागे बसूनच वायरी सोलतात.

ओजससरांनी नकाशा उलगडला. “इथे रॅक नाहीतच.”

“नकाशात न्हाईत.”

नकाशाच्या मंजुरीनंतर, परवानगी न घेता रॅक ठोकले होते. तिथे दिवा वाढवायचा तर नकाशा पुन्हा मंजुरीला जाणार आणि रॅक उघडे पडणार. मॅनेजर प्रभाकरसाहेबांनी नकाशाची नीट घडी घातली.

“मृदुलाताई, गुरुवारी यांना दाराशी बसवा.”

“बसवते,” मी म्हणाले. मला काय, खुर्ची तर उचलायची होती.

गुरुवारी एक मिनिट पन्नास सेकंदांत सगळ्या खाली. मंजुळाबाई सगळ्यांच्या पुढे, स्वप्नालीचा दंड धरून. “आजीनं पहिला नंबर मारला,” कुणीतरी टोमणा मारला, आणि त्याही हसल्या. ऑडिटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, मंजुळाबाईंसोबत फोटो काढले. गाडी गेटबाहेर पडल्यावर साहेबांनी पेढे मागवले.

पेढा हातात धरून मंजुळाबाईंनी विचारलं, “उद्या कुठं बसू, ताई?”

“तुमच्या जागेवर की.”

“रॅकमागं?”

“निवांत असतं ना तुम्हाला तिथे.”

स्वप्नाली चपलेचा तुटका अंगठा निरखू लागली. ओजससरांना मोबाइलमध्ये काहीतरी सापडलं. साहेबांनी बॉक्स पुढे केला, “आणखी एक घ्या, मंजुळाबाई.” त्यांनी घेतला. दोन्ही पेढे पदराच्या टोकात बांधले, गाठ ओढून घट्ट केली.

“म्हंजी खरी आग लागली तर मी तिथंच जळायचं, असं ठरवलंय तुमी.”